ज्येष्ठांच्या हक्काचे, पण अर्जाअभावी पडून राहिलेले पैसे

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर मी चार दिवस आत्याकडे राहायला गेले होते. आत्या आता ७८ वर्षांची आहे. तिचे यजमान एका सूतगिरणीत सत्तावीस वर्षे नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर त्यांना भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेतून, म्हणजे सगळे जिला ‘ईपीएस ९५’ म्हणतात तिच्यातून, दरमहा अठराशे रुपये मिळत असत. पाच वर्षांपूर्वी ते वारले. रेशनकार्ड हवे होते म्हणून मी तिच्या ट्रंकेतली कागदांची प्लॅस्टिकची पिशवी उघडली, तर त्यात घडीवर फाटत आलेला निवृत्तिवेतन आदेश, म्हणजे पीपीओ, सापडला. त्यावर दोघांचा एकत्र काढलेला फोटो होता आणि खाली पत्नी म्हणून आत्याचे नाव, जन्मतारखेसह. मी तिला विचारले, “तुझी पेन्शन कुठल्या खात्यात येते?” ती म्हणाली, “अगं, ती त्यांची होती, त्यांच्याबरोबर गेली.”

ती गेलेली नव्हती. या योजनेत सभासदाच्या पश्चात विधवेला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम मिळते आणि सप्टेंबर २०१४ पासून ती दरमहा १,००० रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. म्हणजे पाच वर्षांचे साठ हप्ते, निदान साठ हजार रुपये, केवळ कोणी कळवले नाही म्हणून तसेच राहिले होते. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, तिचे आधार कार्ड आणि तिच्या एकटीच्या नावावरील बँक खाते एवढ्या कागदांवर काम झाले. आधार कार्डावर तिचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असल्यामुळे एकदा अर्ज परत आला, ते दुरुस्त करण्यात दीड महिना गेला, पण अखेर थकबाकीसह निवृत्तिवेतन सुरू झाले. तिला महिन्याला मिळणारे हजार रुपये शहरातल्या माणसाला किरकोळ वाटतील. तिच्या रक्तदाबाच्या आणि सांधेदुखीच्या गोळ्या मात्र त्यात येतात आणि त्यासाठी भाच्यापुढे हात पसरावा लागत नाही.

हा धागा काढण्याचे कारण एवढेच, की अशा बहुतेक लाभांची एक जात आहे. ते आपोआप कोणाच्या दारात येत नाहीत. वय पूर्ण झाले म्हणून कोणी पत्र पाठवत नाही, यजमान वारले म्हणून कोणी चौकशीला येत नाही. अर्ज करावा लागतो, आणि ज्याने तो करायचा त्याला आपण पात्र आहोत याचाच पत्ता नसतो. योजनांच्या याद्या जागोजागी मिळतात, त्यामुळे इथे नुसती यादी नको. आपल्या घरात काय राहून गेले होते, ते कसे लक्षात आले आणि कोणत्या कागदावर काम झाले, हे सदस्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

खातेवही

धागा अत्यंत गरजेचा आहे. मी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षे शाखाधिकारी म्हणून. माझा अनुभव असा आहे की घरातील ज्येष्ठांचे पासबुक कोणी ओळीन्ओळ वाचतच नाही. शिल्लक किती आहे एवढे पाहून ते मिटले जाते. मी ज्यांना ज्यांना सल्ला दिला त्यांना पहिले काम हेच सांगितले, की गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी छापून घ्या आणि प्रत्येक छोट्या वजावटीपुढे ती कशाची आहे ते पेन्सिलीने लिहा.

त्यात दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस २० रुपयांची एक वजावट दिसेल. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हा हप्ता १२ रुपये होता आणि जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात आणि वयाच्या ७० वर्षांपर्यंत हे संरक्षण राहते. ४३६ रुपयांची वजावट असेल तर ती जीवनज्योती विमा योजनेची. तीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात, मात्र ती वयाच्या ५५ वर्षांपर्यंतच चालते.

माझ्या शाखेत एक आई आपल्या मुलाचे खाते बंद करायला आल्या होत्या. मुलगा बेचाळीस वर्षांचा होता आणि रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. खात्यात नऊशे रुपये शिल्लक होती आणि तेवढे पैसे हातात घेऊन त्या निघून जाणार होत्या. खिडकीवरच्या मुलीने पासबुक उलटून पाहिले आणि ते माझ्याकडे आणले. दोन्ही वजावटी होत्या, दोन्हींत वारस म्हणून आईचेच नाव होते. मृत्यू अपघाती असल्यामुळे दोन्ही योजनांचे मिळून ४ लाख रुपये त्यांना मिळाले. ती मुलगी त्या दिवशी रजेवर असती तर काय झाले असते, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो. घरातील कोणी वारले तर खाते बंद करण्याआधी पासबुकातील या दोन आकड्यांचा शोध घ्यावा, आणि दावा लवकरात लवकर दाखल करावा, हे कृपया सर्वांनी आपल्या घरी सांगून ठेवावे.

दुसरी बाब कापून गेलेल्या कराची. मुदत ठेवीच्या व्याजावर बँक १० टक्के कर कापते आणि पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. ज्येष्ठांसाठी ही कपात पूर्वी वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक व्याज झाल्यावर होत असे, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १ लाख करण्यात आली. ज्यांचा एकूण कर शून्य आहे त्यांनी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला स्वघोषणापत्र दिले तर कपात होतच नाही. साठी ओलांडलेल्यांसाठीच्या या नमुन्याला आम्ही इतकी वर्षे ‘पंधरा एच’ म्हणत आलो. हे पत्र दरवर्षी आणि प्रत्येक बँकेत वेगळे द्यावे लागते, आणि नेमके तेच विसरले जाते. कापलेला कर परत मिळतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. “माझे उत्पन्न करपात्र नाही, मी विवरणपत्र कशाला भरू?” असे म्हणणारे कितीतरी निवृत्त शिक्षक आणि विधवा भगिनी मी पाहिल्या आहेत, ज्यांचे दरवर्षी सात-आठ हजार रुपये असे सरकारजमा राहत होते.

सायंतारा

खातेवही यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून करासंबंधी थोडे लिहिते. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे बहुतेक ज्येष्ठांचा कापलेला सगळाच कर परत मिळण्याजोगा आहे. जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांना बँक आणि टपाल खात्यातील व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि ज्यांचा आरोग्य विमाच नाही अशा ज्येष्ठांच्या औषधोपचाराच्या खर्चावरही ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ही दुसरी वजावट फार थोड्यांना माहीत असते. आईवडिलांचा असा खर्च मुलाने केला असेल तर ती मुलाला घेता येते. अट एवढीच की खर्च रोखीने केलेला नसावा. औषधाच्या दुकानात वडिलांच्या हातात नोटा देण्याऐवजी खात्यातून पैसे भरावेत आणि बिले जपून ठेवावीत.

मागच्या वर्षांचे विवरणपत्र राहून गेले असेल, तर परताव्यासाठी प्राप्तिकर विभागाकडे विलंबमाफीचा अर्ज करता येतो. त्याला संबंधित वर्षापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. हे काम मात्र जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

नांगरट

आमच्या आईचे वय ६६ आहे, जमीन नावापुरती आहे. तिला ‘लाडकी बहीण’चे दीड हजार येत होते, ते वय ६५ झाल्यावर बंद झाले. गावात सांगतात की आता काही मिळणार नाही. हे खरे आहे का?

ओसरी (धागाकर्ती)

नांगरट, त्या योजनेची वयोमर्यादाच २१ ते ६५ वर्षे आहे, त्यामुळे ती बंद होणे नियमानुसार आहे. पण ६५ व्या वर्षी दुसरे दार उघडते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठीच आहे आणि २०२३ पासून तिची रक्कमही दरमहा १,५०० रुपये आहे. अट अशी की कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे, आणि अर्जदार निदान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत जातो.

इथे मला माझे मत स्पष्टपणे लिहायचे आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्या उत्पन्नात आज कोणतेही कुटुंब जगत नाही, आणि ‘लाडकी बहीण’साठी हीच मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे एखाद्या स्त्रीला चौसष्टाव्या वर्षी जी मदत सहज मिळते, ती सहासष्टाव्या वर्षी, गरज वाढलेली असताना, मिळवणे कितीतरी कठीण होते. ही मर्यादा वाढवली पाहिजे. तोपर्यंत आपल्या हाती एवढेच आहे की जे खरोखर पात्र आहेत त्यांचा अर्ज कागदाअभावी फेटाळला जाऊ नये.

पाणंद

मी गेली काही वर्षे आमच्या तालुक्यात ज्येष्ठांचे असे अर्ज भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे कागदांबद्दल लिहितो. अर्ज अडतात ते दोन ठिकाणी. पहिले वयाच्या पुराव्यापाशी. आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या आधार कार्डांवर १ जानेवारी ही जन्मतारीख फार आढळते, कारण नोंदणीच्या वेळी खरी तारीख सांगता आली नाही आणि अंदाजाने वर्ष टाकले गेले. त्या अंदाजात पाच वर्षांची चूक असेल तर पासष्ट वर्षांच्या आजी कागदोपत्री साठीच्याच राहतात. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला घेता येतो. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्याबाबतीत मी आधी थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला काढायला सांगतो. मुलाचे जन्मवर्ष समोर आले की आईच्या वयाचा अंदाज करणाऱ्याला आधार मिळतो.

दुसरे अडथळ्याचे ठिकाण बँक खाते. अनुदान आता आधारच्या आधारे थेट खात्यात जमा होते, आणि ते कोणत्या खात्यात जाईल हे अर्जात लिहिलेल्या क्रमांकावरून ठरत नाही. शेवटचे जे खाते आधारशी जोडले गेले त्यात ते जाते. एका आजोबांचे अनुदान सात महिने “येत नाही” म्हणून ते तहसीलच्या फेऱ्या मारत होते. नातवाने दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना त्यांच्या नावाने एक खाते मोबाइलवर उघडून दिले होते आणि सगळे पैसे तिथे जमा होत होते. आजोबांना ते खाते आहे हेच ठाऊक नव्हते. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. फेऱ्या मारण्याआधी ते पाहावे.

हयातीच्या दाखल्याबद्दलही एक वाक्य. अनुदान असो वा निवृत्तिवेतन, तो दरवर्षी द्यावाच लागतो, आणि तो राहिला की पैसे थांबतात. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनधारकांना तो वर्षातून केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. सरकारी निवृत्तांनी तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो आणि ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही तक्रार शेतात राबलेल्या माणसांची हमखास असते. त्यासाठी आता मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, आणि ७० रुपये शुल्कात पोस्टमनही घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेण्याची आता गरज उरलेली नाही.

तुळशीकट्टा

माझ्या आईची गोष्ट लिहिते. वडील केंद्र सरकारच्या सेवेत होते. त्यांच्या पश्चात आईला ९,००० रुपये मूळ कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई दिलासा मिळतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की ती दुप्पट होते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे, हे आम्हांला माहीतच नव्हते. आईला ८३ वे वर्ष लागल्यावर शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी सहज विचारले तेव्हा आम्ही बँकेत गेलो. तिथे कळले की वडिलांच्या पीपीओमध्ये आईच्या जन्मतारखेचा रकानाच कोरा होता. बँकेच्या संगणकाला तिचे वय ठाऊक नव्हते, मग वाढ लागणार कुठून?

जन्मतारखेचा पुरावा जोडून पीपीओत दुरुस्ती करून घेतली आणि मागील थकबाकी मिळाली. महिन्याला मूळ वाढच अठराशे रुपयांची होती, त्यावर महागाई दिलासा वेगळा. ज्यांच्या आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते त्या प्रत्येकाने पीपीओ काढून तिच्या जन्मतारखेचा रकाना भरलेला आहे का, एवढे आजच पाहावे.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. निवृत्त होताना निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून ज्यांनी एकरकमी पैसे घेतले असतील, त्यांचा तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. वडिलांच्या एका सहकाऱ्यांची वजावट सोळाव्या वर्षीही सुरू होती. त्यांनी लेखी अर्ज दिल्यावर ती थांबली.

शुश्रूषा

मी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते, त्यामुळे आजारपणाच्या खर्चाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. घरातील पुंजी सर्वांत वेगाने तिथेच संपते.

आयुष्मान भारत योजनेची व्याप्ती २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांसाठी वाढवण्यात आली. यासाठी उत्पन्नाची अट नाही. निवृत्त प्राध्यापक असोत वा घरकाम करून जगलेल्या मावशी असोत, आधारवर वय ७० पूर्ण असेल तर ‘वय वंदना’ कार्ड निघते आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे संरक्षण मिळते. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबावे लागत नाही, जे सत्तरीत विकत घेतलेल्या कोणत्याही खासगी विम्यात सहसा शक्य नसते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील किंवा माजी सैनिकांच्या योजनेतील व्यक्तींना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि रोजची औषधे यात येत नाहीत, आणि उपचार योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात, हे आधीच समजून घ्यावे. माझी हात जोडून विनंती आहे की कार्ड तब्येत चांगली असतानाच काढावे. मध्यरात्री अपघात विभागात आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा, तो सुरू आहे का, अशी शोधाशोध करणारे मुलगे-मुली मी दर आठवड्याला पाहते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यात आहेच, आणि तिचेही संरक्षण आता कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे. तिच्याबद्दल लोकांना बरीच माहिती असते. ज्याबद्दल जवळजवळ कोणीच विचारत नाही, ती धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांची तरतूद आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय न्यासाने चालवलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल गटात येतो. शहरांतील मोठी, चकचकीत दिसणारी कितीतरी रुग्णालये धर्मादाय असतात. त्यांच्या पाटीवर ‘धर्मादाय’ हा शब्द शोधावा, आणि दाखल होतानाच, अगदी पहिल्या दिवशी, समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड द्यावे. बिल तयार झाल्यावर शेवटच्या दिवशी रडत आलेल्या नातेवाइकांसाठी मला मनापासून काही करावेसे वाटते, पण तोपर्यंत बरेच मार्ग बंद झालेले असतात.

आणखी एक छोटी, पण मोलाची गोष्ट. श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, काठी, कुबड्या, चाकाची खुर्ची ही साधने केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून विनामूल्य मिळतात; वय ६० आणि मासिक उत्पन्न १५,००० पर्यंत असावे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि २ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. ऐकू न येणारा माणूस हळूहळू घरातल्या बोलण्यातून बाहेर पडतो आणि सगळे म्हणतात की वयामुळे गप्प झाले आहेत. एका आजोबांना यंत्र बसवल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल तर भिंतीवरच्या पंख्याकडे वळून पाहिले. तो इतका आवाज करतो हे त्यांना चार वर्षांत कळले नव्हते.

माजघर

सर्व प्रतिसाद वाचले. माहिती उपयुक्त आहे याबद्दल दुमत नाही, तरीही एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही. मी त्यांच्याशी हा विषय काढला तर ते म्हणाले, “ज्यांना खरी गरज आहे त्यांना घेऊ दे, मला सरकारची मदत नको.” त्यांची ही भूमिका मला चुकीची वाटत नाही.

ओसरी (धागाकर्ती)

माजघर, आपल्या वडिलांबद्दल आदर वाटला, आणि श्रावणबाळसारख्या योजनेबाबत त्यांचे म्हणणे रास्तच आहे, कारण ती निराधारांसाठी आहे. परंतु इथे आलेल्या बहुतेक गोष्टी दान या सदरात बसत नाहीत. माझ्या आत्याच्या यजमानांच्या नावाने मालकाच्या हिश्शातून दरमहा जी रक्कम योजनेत जात होती, ती त्यांच्या श्रमाचा मोबदला होती. ठेवीवर कापलेला कर हा ठेवीदाराचाच पैसा आहे. वीस रुपयांचा विमा हप्ता भरून घेतलेला आहे. हे पैसे घेतले नाहीत म्हणून ते एखाद्या गरजूपर्यंत पोहोचत नाहीत. आत्याही सुरुवातीला हेच म्हणत होती. मी तिला पीपीओवरचा दोघांचा फोटो दाखवून विचारले, “त्यांनी हा फोटो दोघांचा का काढून घेतला असेल?” ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली, मग सहीसाठी चष्मा मागितला.

खातेवही

धागाकर्तींशी पूर्णपणे सहमत आहे. याच संदर्भात विसरलेल्या ठेवींबद्दल लिहायचे राहिले होते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात, पण म्हणून खातेदाराचा हक्क संपत नाही. त्याने किंवा वारसाने केव्हाही मागणी केली तरी ती आपल्याच बँकेतून परत मिळते. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख देऊन अनेक बँकांमध्ये एकाच वेळी शोध घेता येतो. विम्याच्या बाबतीत दहा वर्षे कोणी दावा न केलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि त्यानंतर पंचवीस वर्षांपर्यंत ती मागता येते. लाभांश सात वर्षे कोणी घेतला नाही तर ती रक्कम आणि ते समभागही गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात, तिथून ते परत मिळवता येतात, फक्त कागदपत्रे बरीच लागतात.

बदली होणाऱ्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी हा शोध जरूर घ्यावा. प्रत्येक गावी पगारासाठी एक खाते उघडलेले असते.

एक इशाराही देतो. या कामांत कोणी फोनवरून ओटीपी मागितला, दुवा पाठवला किंवा मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागितली, तर तिथेच थांबावे. हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली निवृत्तांना असे फोन येतात. बँक किंवा भविष्य निर्वाह निधी कार्यालय फोनवर ओटीपी विचारत नाही.

सायंतारा

एका वेगळ्या हक्काबद्दल लिहावे की नाही याचा विचार करत होते, पण लिहितेच. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या कायद्यानुसार, स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल तर आईवडील मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागू शकतात. मूल नसलेल्या ज्येष्ठांना, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता जाणार आहे त्याच्याकडे ही मागणी करता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा असतो आणि वकील लागत नाही. अर्ज करणे आईबापांना जिवावर येते, हे मी माझ्या मावशीच्या बाबतीत पाहिले आहे. पोटच्या मुलाविरुद्ध कागदावर सही करण्यापेक्षा तिने वर्षभर एक वेळ जेवून दिवस काढले, आणि आम्हां कोणालाही ते कळू दिले नाही.

घर मुलाच्या नावे करून देण्याच्या विचारात असलेल्यांना एवढेच सांगेन की बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. ती अट पाळली गेली नाही तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल तर तीच सिद्ध करण्यात उतारवय निघून जाते. कोणाशी बोलावे हे कळत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या विनामूल्य राष्ट्रीय क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत फोन करता येतो.

नांगरट

पाणंद यांनी सांगितल्याप्रमाणे थोरल्या भावाचा शाळेचा दाखला काढला. त्यात भावाचे जन्मवर्ष १९७६ आहे आणि आधारप्रमाणे आईचे जन्मवर्ष १९५९. म्हणजे आईचे वय कमी लागले आहे असे दिसते. आत्याबाईंनाही विचारले, त्या सांगतात की आईचे लग्न झाले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ लग्नानंतर चौथ्या वर्षी झाला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे. मिळाला की इथे कळवतो.

माजघर

काल संध्याकाळी वडिलांच्या शेजारी बसून पासबुके पाहिली. त्यांनीच चष्मा लावून ओळी वाचल्या आणि मी लिहीत गेलो. दोन बँकांमध्ये स्वघोषणापत्र दिलेले नव्हते, कापलेल्या कराची रक्कम ११,४०० रुपये आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते १९८८ ते १९९१ या काळात नोकरीनिमित्त ज्या गावी होते, तिथल्या एका बँकेत त्यांचे खाते होते, असे त्यांना बोलता बोलता आठवले. ‘उद्गम’वर नाव टाकल्यावर त्यांच्या नावाशी जुळणारी एक नोंद दिसते आहे. त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालेले आहे आणि जुने पासबुक सापडत नाही. अशा वेळी कोणत्या शाखेत जावे आणि काय न्यावे?

खातेवही

ज्या बँकेत विलीनीकरण झाले तिच्या तुमच्या जवळच्या शाखेत जावे. नोंदीसोबत ‘उद्गम’ने दिलेला संदर्भ क्रमांक लिहून न्यावा, वडिलांचे पॅन आणि आधार न्यावे, आणि त्या काळातील पत्ता दाखवणारा कोणताही एक कागद शोधावा: नियुक्तिपत्र, बदलीचा आदेश, त्या पत्त्यावर आलेले पत्रसुद्धा चालू शकते. शक्य असेल तर वडिलांनाच सोबत न्यावे. जुन्या सहीशी सही पडताळायची असते, आणि वयामुळे ती बदलली असेल तर अधिकाऱ्यासमोर नवीन सही करून देता येते.